लाख, चीक की रोगण?

पेनांच्या चांगल्या दुकानात काचेखाली दोन काळीभोर पेनं शेजारी शेजारी ठेवलेली असतात. दोन्ही गुळगुळीत, दोन्हींत वरच्या दिव्याचं प्रतिबिंब पडलेलं आणि दोन्हींच्या चिठ्ठीवर एकच शब्द : लॅकर. एकाची किंमत नऊ हजार, दुसऱ्याची नव्वद हजार. फरक विचारला तर ‘ते जपानी आहे’ एवढंच उत्तर मिळतं. मग गिऱ्हाईक एकतर भारावून महागडं पेन घेतं, नाहीतर हे सगळे श्रीमंतांचे चोचले असं म्हणून पाठ फिरवतं. मला हे दोन्ही पटत नाही. नव्वद हजारांचं पेन ही चैन आहे यात वाद नाही, पण चैनीच्या वस्तूचाही कस लावता येतो. पैठणी घेताना आपल्या आया-आज्या पदर उलटा करून बघत, जर चिमटीत धरून बघत. पेनाच्या बाबतीत तो पदर कुठे उलटायचा हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, एवढंच.

मी गेली पंचवीस वर्षं शाईच्या पेनानेच लिहितो आहे. त्यातली बारा वर्षं एक उरुशीचं पेन रोज हातात आहे. त्या आधाराने आणि या विषयाचं जे काही वाचलं-पाहिलं त्याच्या बळावर हा आढावा घेतो आहे.

सगळा घोळ त्या एका शब्दात आहे. लॅकर हा शब्द मूळचा आपल्याकडचा. संस्कृत लाक्षा, तिची लाख झाली आणि पोर्तुगिजांच्या तोंडून ती युरोपात गेली. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर बसणारा लाखेचा किडा अंगाभोवती जो राळेसारखा थर करतो, ती ही लाख. पांडवांसाठी उभारलेलं लाक्षागृह याच लाखेचं, टपालाच्या पिशवीवरचा शिक्का याच लाखेचा आणि सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर कातताना चढणारा रंगही याच लाखेचा. तिचा गुणधर्म एका वाक्यात सांगता येतो : ती उष्णतेने मऊ होते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. सुताराचं स्पिरिट पॉलिश म्हणजे विरघळलेली लाखच. लाखेचं लाकडी पेन सुंदर दिसतं आणि स्वस्त मिळतं, पण उंची पेनावर जे लॅकर म्हणून सांगितलं जातं ते हे नव्हे.

पोर्तुगीज आणि डच जहाजांतून पूर्वेकडच्या चकचकीत पेट्या युरोपात पोचल्या तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांनाही लाखेचंच नाव दिलं. वस्तू मात्र अगदी वेगळी होती. चीन, कोरिया आणि जपानमध्ये वाढणाऱ्या एका झाडाचा तो चीक. जपानी भाषेत झाडाला आणि चिकाला एकच नाव आहे, उरुशी. हे झाड आपल्याला परकं वाटेल, पण त्याचं कुळ आपल्या अंगणातलं आहे. आंबा, काजू आणि बिब्बा याच कुळातले. आंबा उतरवताना देठाचा चीक उडून गाल भाजतो, काजूच्या बिया सोलणाऱ्या बायकांचे हात तेलाने पोळतात, बिब्बा उतला की अंगावर फोड येतात. उरुशीचा कच्चा चीक हेच करतो, आणि अधिक जोमाने करतो. नवशिक्या कारागिराचे हात-तोंड सुजणं हा त्या धंद्यातला पहिला धडा असतो. आपला परीट बिब्ब्याच्या रसाने कपड्यावर खूण करायचा आणि ती खूण कपडा विरला तरी जात नसे. उरुशीची ताकद समजायला मराठी माणसाला याहून जवळचं उदाहरण नाही.

हा चीक वाळतो कसा, हे ऐकून मी प्रथम चकित झालो होतो. रंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी किंवा द्रावण उडून जातं. उरुशीचं उलट आहे. चिकात एक विकर असतं आणि त्याला काम करायला दमट हवा लागते. हवेत सत्तर-ऐंशी टक्के ओलावा आणि वीस-पंचवीस अंश तापमान असलं की चिकाचे रेणू हवेतल्या प्राणवायूने एकमेकांत गुंफत जातात आणि घट्ट होतात. त्यासाठी कारागीर आतून ओलसर ठेवलेलं लाकडी कपाट वापरतात. आषाढात कोकणात कपडे वाळत नाहीत, पण उरुशी उत्तम वाळेल. एकदा घट्ट झाली की तिला पाणी, स्पिरिट, आम्ल, अल्कली यांचं काही वाटत नाही. 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनातून परतणाऱ्या वस्तू घेऊन येणारं ‘नील’ हे फ्रेंच जहाज 1874 च्या मार्चमध्ये जपानच्या इझू किनाऱ्याजवळ बुडालं. वर्षाहून अधिक काळाने समुद्रतळातून जे काढलं, त्यातल्या उरुशीच्या वस्तू जवळजवळ जशाच्या तशा होत्या. तिचा खरा शत्रू एकच : ऊन.

हा चीक फार थोडा मिळतो. दहा-पंधरा वर्षांच्या झाडाला एका हंगामात आडव्या खाचा देत देत जेमतेम 200 ग्रॅम चीक निघतो. जपानी पद्धतीत हंगाम संपला की ते झाड तोडतात आणि मुळातून आलेले फुटवे पुन्हा दहा-पंधरा वर्षं वाढवतात. जपानला लागणारा बहुतेक चीक आज चीनमधून येतो. जपानचा स्वतःचा चीक मुख्यतः इवाते प्रांतातल्या जोबोजी भागात निघतो. किमतीचा पहिला भाग इथे आहे.

तिसरी वस्तू म्हणजे रोगण. पितळेच्या नळीवर कारखान्यात फवारलेला, भट्टीत तापवून पक्का केलेला कृत्रिम थर. युरोपातल्या बहुतेक नामांकित पेनांवर जे लॅकर असतं ते हेच. मी त्याला कमी लेखत नाही. चांगलं रोगण टणक असतं, हवा तो रंग देतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. युरोपातल्या पेनांत एक सन्माननीय अपवादही आहे : एस. टी. ड्युपाँ या फ्रेंच घराण्याने 1930 च्या दशकात पूर्वेकडचा अस्सल चीक धातूवर चढवायचं तंत्र आत्मसात केलं, आधी चैनीच्या वस्तूंवर आणि 1973 पासून पेनांवर वापरलं.

आणि एक चौथी वस्तू, जिच्याबद्दल कोकणातल्या वाचकाला तर माहीत असायलाच हवं. काजूच्या टरफलाच्या तेलापासून जपानमध्ये एक रोगण करतात. ते तिथे ‘कॅश्यू’ याच नावाने ओळखलं जातं. दिसायला ते उरुशीच्या फार जवळचं असतं, त्याला दमट कपाट लागत नाही, अंगावर फारसं उतत नाही आणि खर्च कितीतरी कमी. स्वस्त वाडगे, बुद्धमूर्तींचे देव्हारे, काही पेनंसुद्धा त्याची असतात. सांगून विकलं तर त्यात गैर काहीच नाही. न सांगता उरुशीच्या भावात विकलं तर ती फसवणूक आहे.

आता पेन आणि उरुशी यांची गाठ कशी पडली ते बघू, कारण तिथे मूल्यमापनाची किल्ली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पेनं एबोनाइटची होत. रबरात भरपूर गंधक घालून भट्टीत शिजवलं की हा कडक काळा पदार्थ तयार होतो. हाताला उबदार, वजनाला हलका, लेथवर लोण्यासारखा कातला जाणारा. खोट एकच : ऊन आणि ओलावा लागून तो विटतो, काळ्याचा हिरवट तपकिरी होतो. आजोबांच्या पेटीतलं जुनं पेन ज्यांनी पाहिलं आहे त्यांना तो रंग आठवेल. टोकियोच्या नौकानयन विद्यालयात शिकवणारे र्‍योसुके नामिकी आणि त्यांचे सहकारी मासाओ वादा यांनी 1918 साली पेनांची कंपनी काढली, तीच पुढे 1938 मध्ये पायलट झाली. नामिकींना या विटण्याने सतावलं. त्यांनी एबोनाइटवर उरुशीचा थर चढवायचं तंत्र बसवलं आणि 1925 च्या सुमारास त्याचं पेटंट घेऊन त्याला लॅकनाइट असं नाव दिलं. म्हणजे उरुशी पेनावर आली ती संरक्षणासाठी. सोनं आणि नक्षी नंतर आली.

पण आली ती मात्र थाटात. ओल्या चिकाने चित्र काढायचं आणि तो घट्ट होण्याआधी बारीक नळीतून सोन्या-चांदीची पूड शिंपडायची, ही जपानची शेकडो वर्षं जुनी कला. तिला माकी-ए म्हणतात, म्हणजे शिंपडलेलं चित्र. नामिकींनी ती पेनावर आणली. 1930 मध्ये लंडनच्या डनहिल या पेढीशी करार झाला आणि डनहिल-नामिकी ही पेनं युरोपच्या श्रीमंतांच्या खिशात गेली. या कामाची धुरा होती गोन्रोकू मात्सुदा यांच्याकडे. 1931 मध्ये त्यांच्या पुढाकाराने कारागिरांचा एक गट उभा राहिला, कोक्कोकाई, आणि त्या गटाच्या सह्या आजही नामिकीच्या पेनांवर असतात. मात्सुदांना 1955 मध्ये जपानने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. पेनावर काम केलेल्या माणसाला देशाने एवढ्या उंचीवर बसवावं, याचा मला फार आनंद वाटतो.

माकी-एचे प्रकार पुष्कळ आहेत, सगळे सांगत बसत नाही. सपाट, उठावाचं आणि घासून पृष्ठभागाशी एकजीव केलेलं, एवढे तीन ओळखले तरी पुरे. उठावाचं सर्वांत दिमाखदार दिसतं, पण मला घासून काढलेलं सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर वाटतं. त्यात चित्रावर पुन्हा चिकाचे थर चढवून, मग कोळशाने घासत घासत चित्र पुन्हा वर आणतात. एक घासा जास्त बसला की सोनं गेलं. बोट फिरवलं तर चित्र आहे हे हाताला कळत नाही, फक्त डोळ्याला कळतं.

असं चित्र असलेलं पेन हे चित्र म्हणूनच जोखावं. तिथे पेनाचे निकष लावून किंमत पटणार नाही. कुणाची सही आहे, काम किती बारीक आहे, सोन्याची पूड एकसारखी बसली आहे की गुठळ्या आहेत, नळी आणि टोपण जिथे मिळतात तिथे चित्राची रेघ तुटते की जुळते, हे बघावं. काही लाखांची ही पेनं आहेत आणि ती घेणारा माणूस चित्रकाराला मेहनताना देतो आहे. खाली त्यांच्याबद्दल मी बोलणार नाही. माझा विषय आहे चित्र नसलेलं, साधं, एकरंगी उरुशीचं पेन, कारण लिहिणाऱ्या माणसाने घ्यायचं तर ते.

माझं पेन तामेनुरी आहे. आधी लाल थर, त्यावर मधासारख्या पारदर्शक चिकाचे थरावर थर. घेतलं तेव्हा ते जवळजवळ काळं दिसायचं. फक्त टोपणाच्या काठावर, नळीच्या टोकावर आणि आट्यांच्या कडांवर, म्हणजे जिथे चीक वाळताना पातळ होतो तिथे, आतला लाल रंग केसाएवढ्या रेघेत डोकावायचा. भिंगाखाली ती रेघ बघितली तर एकदम संपत नाही. लालाची तपकिरी होते, तपकिरीची काजळी होते. फवारलेल्या रोगणात हा उतार मिळत नाही, तिथे कड स्पष्ट तुटते. बारा वर्षांत तो पारदर्शक थर उजळत गेला आहे. आज खिडकीपाशी धरलं तर सगळी नळी पिकलेल्या जांभळासारखी दिसते, आतून लालसर. वस्तू जुनी होते तशी कळाहीन होते हा आपला रोजचा अनुभव. या पेनाचं उलट झालं.

हात लावल्यावर काय वाटतं हे शब्दांत सांगणं कठीण आहे, पण प्रयत्न करतो. प्लॅस्टिक घामाने निसटतं, धातू हिवाळ्यात गार लागतो. उरुशी बोटाला किंचित धरून ठेवते, चांगल्या घोटलेल्या लाकडासारखी, आणि मिनिटाभरात हाताएवढी उबदार होते. दिवसाला आठ-दहा पानं लिहिणाऱ्याला याचं मोल कळतं. पकडून ठेवायला जोर लागत नाही, म्हणून अंगठा दुखत नाही. मला विचाराल तर उरुशीच्या किमतीचं खरं समर्थन डोळ्यासाठी नाही, हातासाठी आहे.

मग खरी उरुशी ओळखायची कशी? पहिली खूण रंगाची. पारदर्शक उरुशी मुळात मधाच्या रंगाची असते, त्यामुळे तिच्यात कुठलाही रंग कालवला की तो थोडा पिवळसर, खोल होतो. पांढरा घातला तर बदामी मिळतो. शुभ्र पांढरं किंवा लखलखीत आकाशी पेन कुणी उरुशी म्हणून दाखवलं तर नम्रपणे परत करावं. काळा रंग मात्र उरुशीत अप्रतिम येतो, कारण तो बाहेरून घातलेल्या काजळीचाच असतो असं नाही. चिकात लोहाचा अंश मिसळला की सगळा चीकच काळा होतो. त्या काळ्याला तळ नसतो. दिवा त्यात बुडाल्यासारखा दिसतो, वर तरंगल्यासारखा दिसत नाही.

दुसरी खूण वजनाची. एबोनाइटचं उरुशी पेन आकाराच्या मानाने हलकं असतं, मध्यम पेन पंचवीस ग्रॅमच्या आसपास भरतं. पितळी नळीचं रोगणाचं पेन सहज चाळीसच्या वर जातं. आपल्याकडे जड म्हणजे भारी हा समज फार घट्ट आहे. दागिन्यात तो बरोबर आहे, पेनात नाही. तिसरी खूण आट्यांची. टोपण काढून आटे बघा. हाताने केलेल्या कामात आट्यांच्या खोबणीतही चीक पोचलेला असतो आणि तरीही टोपण रेशमासारखं फिरतं, कारण कारागिराने थराची जाडी आधीच धरून आटे कातलेले असतात. फिरवताना कुरकुर झाली किंवा टोपण एका बाजूला कलून बसलं, तर वरची झिलई कितीही सुंदर असो, कातकाम कच्चं आहे.

एक कटू अनुभव सांगतो. उरुशीच्या आधी माझ्याकडे एक पितळी पेन होतं, ‘खास लॅकर’ म्हणून घेतलेलं. टेबलावरून फरशीवर पडलं आणि टोपणाच्या काठाचा नखाएवढा टवका उडाला. खालचं पितळ दिसू लागलं, मग त्या कडेने रोगण पापुद्र्यासारखं सुटत गेलं. दुकानात नेलं तर उत्तर मिळालं, दुरुस्ती होत नाही, टोपण नवं घ्या. टोपणाची किंमत पेनाच्या अर्ध्याहून जास्त होती. उरुशीचं पेनही आपटलं तर फुटतं, तिला अमरत्व नाही. पण तिच्यावर पुन्हा चीक चढवता येतो, पुन्हा घोटता येतो आणि जाणता कारागीर जोड दिसू देत नाही. महाग वस्तू घेताना ती दुरुस्त होते का, हा प्रश्न मी आता सर्वांत आधी विचारतो.

इथवर अंगाचं झालं. पण पेन लिहिण्यासाठी असतं, आणि लिहिण्यात उरुशीचा वाटा शून्य. शाई कागदावर आणते ती निब आणि तिच्या पोटाखालची जीभ. नव्वद हजारांच्या पेनाचीही निब खरखरू शकते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. निबेवर 585 असं कोरलेलं असेल तर ती 14 कॅरटची, 750 असेल तर 18 ची. सोन्याची निब म्हणजे लवचीक निब, हा गैरसमज फार जुना आहे. निब किती वाकेल हे तिची जाडी, खांद्यांचा आकार आणि चीर किती लांब यावर ठरतं. शिवाय कागदाला सोनं लागतच नाही. टोकावर कठीण मिश्रधातूचा सूक्ष्म मणी असतो, तोच घासतो. सोन्याचा खरा फायदा एवढाच की ते शाईने गंजत नाही. साधारण आकाराच्या निबेत सोनं असतं एखाद्या ग्रॅमच्या आत-बाहेर, त्यामुळे ‘सोन्याची निब आहे म्हणून महाग’ हा हिशोब टिकत नाही.

निबेची परीक्षा आपण आपल्या लिपीत करावी. इंग्रजीत सही करून पेन घेणं ही चूक आहे, कारण सहीत हात सवयीने धावतो आणि दोष झाकले जातात. मी दुकानात तीन गोष्टी लिहून बघतो. आधी शिरोरेषा : डावीकडून उजवीकडे एक वीतभर, जोर न देता, मग तशीच उजवीकडून डावीकडे. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला खरखर असेल, तर निबेच्या दोन पात्यांपैकी एक वर-खाली झालेलं आहे. रोमन लिपी लिहिणाऱ्याला हा दोष महिनोन् महिने कळत नाही, आपल्याला पहिल्या ओळीत कळतो. दुसरं, ओळीने दहा-बारा ‘ळ’. या अक्षरात निब दोन्ही बाजूंना गोल फिरते, जवळजवळ प्रत्येक दिशेने जाते. कुठे अडली की लगेच समजतं. तिसरं, नुसते अनुस्वार. टिंब म्हणजे कागदाला क्षणभर स्पर्श. त्या क्षणात शाई उतरली पाहिजे. दहातली दोन टिंबं कोरी राहिली तर मणी जास्त घोटला गेला आहे आणि चीर कागदापर्यंत पोचत नाही. असं पेन प्रत्येक परिच्छेदाच्या पहिल्या अक्षराला दगा देणार.

जपानी निब युरोपीय निबेपेक्षा साधारण एका पायरीने बारीक असते. त्यांचा ‘फाइन’ म्हणजे युरोपचा ‘एक्स्ट्रा फाइन’. कांजी अक्षरांतल्या दाट रेघांसाठी त्यांना तसं लागतं, आणि देवनागरीला ते आपोआप मानवतं. ‘द्ध’, ‘क्ष्म’, ‘र्‍ह’ अशी जोडाक्षरं जाड निबेने भरून जातात. आपल्या साध्या वह्यांच्या कागदावर शाई फुटते, तिथेही बारीक निबच वाचवते.

शाई भरण्याच्या पद्धतीवर फार लिहीत नाही. बहुतेक उरुशी पेनांत कार्ट्रिज किंवा कन्व्हर्टर असतो आणि तो पुरतो. एक गोष्ट मात्र माहीत हवी. नामिकीचं ‘एम्परर’ हे अवाढव्य पेन ड्रॉपरने भरायचं असतं, आपल्या आजोबांच्या पेनासारखंच. आपल्या त्या पेनांची शाई कमी झाली की हाताच्या उबेने आतली हवा फुगायची आणि वहीवर टपकन थेंब पडायचा. जपानी पेनात त्यासाठी नळीतून जाणारा एक दांडा असतो, तो शाईची वाट बंद करतो. सलग लिहायचं असेल तर मागची टोपी जरा सैल करून ती वाट उघडावी लागते. हे न सांगता विकल्यामुळे ‘दोन पानांनंतर पेन कोरडं पडतं’ अशी तक्रार होते.

जपणूक थोडी आहे. उन्हात, गाडीच्या काचेमागे ठेवू नये. मागे टोपण खोचून लिहू नये, नळीवर कडी उमटते. किल्ल्यांसोबत खिशात नको. पुसायला धुवून मऊ झालेला सुती कपडा. बस्स. ते तिजोरीत ठेवायची मात्र गरज नाही. हाताचा स्पर्श होत राहिला तर उरुशीची चकाकी वाढते.

आता किमतीचा निकाल. साधी एकरंगी अस्सल उरुशीची पेनं आजमितीला साधारण पन्नास हजारांच्या पुढे सुरू होतात. प्लॅटिनम कंपनीतल्या निवृत्त कारागिरांना घेऊन उभ्या राहिलेल्या नाकाया या छोट्या पेढीची पेनं या गटातली. त्यांचं बरंचसं उरुशीकाम वाजिमात होत आलं आहे. हे वाजिमा म्हणजे नोतो द्वीपकल्पावरचं उरुशीचं माहेरघर. 1 जानेवारी 2024 ला तिथे 7.6 महत्तेचा भूकंप झाला, बाजारपेठ जळाली, कितीतरी कार्यशाळा गेल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पूर आला. एका पेनामागे महिने जातात : चीक चढवा, दमट कपाटात ठेवा, घासा, पुन्हा चढवा. तो वेळ, तो चीक आणि ते हात या तीन गोष्टींसाठी पन्नास-साठ हजार मला रास्त वाटतात. त्याच पैशात पितळेवरचं रोगण घेणं मला रास्त वाटत नाही. तिथे आपण नावाला पैसे देतो. पितळी रोगणाच्या पेनाला दहा-पंधरा हजारांपर्यंत, निब चांगली असेल तर, मी हरकत घेणार नाही.

आणि ज्याला उरुशी परवडत नाही त्याने खंतावू नये. एबोनाइटची ऊब आणि हलकेपणा आपल्याकडेच मिळतो. राजमहेंद्रीच्या ज्या रत्नम पेनांची 1935 साली गांधीजींनी पत्र लिहून दखल घेतली, त्या परंपरेतली हाताने कातलेली एबोनाइटची पेनं दक्षिणेत आजही बनतात आणि काही हजारांत येतात. ती उन्हाने विटतील, एवढंच. चांगली निब बसवून घेतली तर उरुशीच्या पेनातलं लिहिण्याचं बहुतेक सुख त्यांत आहे.

एकच विनंती. दुकानात जाल तेव्हा चिठ्ठीवरच्या ‘लॅकर’ शब्दापाशी थांबू नका. विचारा, लाख आहे, चीक आहे, काजूचं आहे की रोगण? खाली एबोनाइट आहे की पितळ? टवका उडाला तर दुरुस्त कोण करणार? मग आपल्या खिशातला कागद काढा, एक लांब शिरोरेषा ओढा आणि दहा ‘ळ’ लिहा. पेन पसंत पडलं तर मिळालेली उत्तरं बिलावर लिहून घ्या.